सगळं भाड्यात धरून

गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरकाका म्हणायचे. टेलिफोनचे नव्हे, चौकातल्या सिनेमागृहात मशीन चालवणारे ऑपरेटर. उभी हयात त्यांनी वरच्या केबिनमध्ये, भिंतीतल्या वीतभर खिडकीला नाक लावून काढली. खाली लोक हसायचे, रडायचे, शिट्ट्या मारायचे आणि काका पडद्याच्या कोपऱ्याकडे डोळे लावून उभे असायचे. कोपऱ्यात ठिपका उमटला की पुढचं रीळ सुरू करायचं. "ह्यांना सिनेमाची गोष्ट विचारा," त्यांची बायको म्हणायची, "उजवा कोपरा कसा होता तेवढं सांगतील."

पुढे सिनेमागृह बंद पडलं आणि तिथे गाद्यांचं दुकान आलं. आठवण म्हणून काय हवं ते न्या, असं मालकांनी सगळ्यांना सांगितलं. तिकीटवाल्यानं भिंतीवरचं घड्याळ नेलं, दारावरच्या माणसानं पहिल्या रांगेतल्या खुर्च्या नेल्या. काकांनी बाल्कनीच्या दारावरचा काळा पडदा उतरवला आणि खांद्यावर टाकून घरी आणला. चांगला जाड, दुहेरी, ओल्या गोधडीसारखा जड.

"लोक घरात उजेड आणतात," बायको म्हणाली, "आमच्याकडे अंधार आलाय." असं म्हणत तिनंच त्याला कड्या शिवल्या आणि रस्त्याकडच्या खिडकीवर टांगला.

आता ती नव्हती. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. पहिल्या मजल्यावरची ती लांबलचक जागा एकट्या माणसाला फार होती, म्हणून मधल्या दाराला दोन्हीकडून कडी घालून काकांनी मागचा अर्धा भाग भाड्यानं द्यायला काढला. त्याला जिन्यावर उघडणारं वेगळं दार होतं, छोटं स्वयंपाकघर होतं, न्हाणीघर होतं. फक्त मीटर दोन्ही भागांना मिळून एकच. गॅसची नळीही एकच, पाण्याची टाकीही एकच. सगळी भांडणं तिथून सुरू झाली.

पहिले भाडेकरू दोघे भाऊ होते. त्यांनी विजेचं बिल निम्मं-निम्मं करायचं ठरवलं आणि मग काकांच्या फ्रिजला कान लावून तो किती वेळ घुरघुरतो ते मोजू लागले. त्यांच्यानंतर आलेल्या जोडप्याचं म्हणणं असं की, म्हाताऱ्या माणसाला आंघोळीला पाणी जास्त लागतं. काकांना भांडणाची मुळात धास्ती. समोरच्यानं आवाज चढवला की ते आपणच चूक असल्यासारखे खाली बघायचे. दोन्ही वेळा सगळं बिल त्यांनीच भरलं, आणि तरीही भाडेकरू रुसून गेले ते गेलेच.

लेक फोनवर कडाडली. "बाबा, पुरे झालं. घर बंद करा आणि इकडे या. तुमचे जावईसुद्धा हेच म्हणतात."

"आणखी एकदा बघू की," काका पुटपुटले.

"बरं, शेवटचं. या वेळी भाडेकरू टिकला तर राहा तिथे. कोणीतरी भिंतीपलीकडे असलं की मला झोप तरी लागेल. पण हाही गेला तर कारणं सांगायची नाहीत. शब्द द्या."

काकांनी शब्द दिला. फोन ठेवल्यावर त्यांना कसंसंच झालं. लेकीचं घर चांगलं होतं, माणसं चांगली होती. पण तिथे बाराव्या मजल्यावरून दिसायचं काय, तर ढग. काकांना या गल्लीतून उठायचंच नव्हतं. तसं कारण तेवढंच नव्हतं. दुसरंही एक होतं, आणि ते त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

ते एजंटकडे गेले. "सगळं भाड्यात धरा," त्यांनी सांगितलं. "दिवा, पंखा, गरम पाणी, गॅस, सगळं. बिल माझ्याकडे येऊ दे आणि माझ्याकडेच राहू दे."

"काका, लुटतील तुम्हाला," एजंट म्हणाला. "दिवसरात्र हीटर लावून बसतील."

"बसू देत. बसतील तरी."

अशा रीतीनं रफूवाली आली. एका मोठ्या ड्रायक्लीनरकडे ती फाटक्या कपड्यांना रफू करायची आणि उरलेलं काम घरी आणायची. चाळिशी उलटलेली, किरकोळ अंगाची, आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला सवड न देणारी. जागा बघायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, "काका, मी खरं ते सांगते. माझा दिवा मोठा आहे. भिंगाचा. तो तासन् तास चालतो. शिवाय इस्त्री. सगळं भाड्यात म्हणजे खरंच सगळं ना? मागाहून तोंड वाकडं करणार असाल तर आत्ताच करा."

"नाही नाही," काका म्हणाले. "लावा दिवा. मोठा लावा."

दिवा खरोखरच मोठा होता. संध्याकाळ झाली की मधल्या दाराखालच्या फटीतून उजेडाची पिवळीजर्द पट्टी काकांच्या खोलीत यायची. खुर्चीवरून तिच्याकडे बघताना काकांना मशीनचा दिवा लागल्याचं समाधान व्हायचं. भिंतीपलीकडे माणूस होतं, कामाला लागलेलं होतं. लेकीचा फोन आला की ते म्हणायचे, "उत्तम. पट्टी चांगली जाड आहे."

"कसली पट्टी?"

"काही नाही गं. बाई चांगल्या आहेत."

एका दुपारी रफूवालीला खिळा ठोकायला हातोडी हवी होती. ती काकांच्या दारात आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत डोकावली तर मिट्ट काळोख. काळा पडदा ओढून घेतलेला, दिवा बंद, पंखा बंद, आणि त्या उकाड्यात काका खुर्चीवर घामाघूम होऊन बसलेले. तिनं दार सताड उघडलं आणि उजेड आत शिरला, तसे काका दचकून उठले.

"काका, वीज गेली का?"

"नाही नाही. आहे."

"मग पंखा?"

"असू दे. असंच... बरं वाटतं मला."

रफूवालीनं त्यांच्या ओल्याचिंब सदऱ्याकडे पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं आणि हातोडी घेऊन परत गेली. त्या संध्याकाळी दाराखालची पट्टी निम्मी झाली होती.

काकांचं दुसरं कारण ते हेच. त्या पडद्याला कधीतरी कसर लागली होती आणि खुर्चीमागे, डोक्याच्या थोडं वर, त्याला गव्हाच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. बायको गेली त्या वर्षी काका तापानं पडले असताना त्यांनी डोळे उघडले तर समोरच्या भिंतीवरून एक सायकल चालली होती. चाकं वर, माणूस खाली. ताप डोक्यात गेला असं समजून त्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले तर एक बाई छत्री घेऊन छताच्या कडेनं उलटी चालत होती. मग त्यांनी वळून भोकाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि सिनेमात जन्म घालवलेल्या माणसाला काय झालंय ते कळलं. बाहेर लख्ख ऊन असलं आणि आत पुरता काळोख असला की त्या एवढ्याशा भोकातून अख्खी गल्ली आत यायची आणि रंगांसकट, उलटी होऊन भिंतीवर उतरायची. ना मशीन, ना रीळ, ना कोपऱ्यातला ठिपका. या खेळात काकांना काहीच करायचं नव्हतं. पहिल्यांदाच ते नुसते प्रेक्षक झाले होते.

तेव्हापासून दुपारचा खेळ त्यांनी कधी चुकवला नाही. भिंतीला पांढराशुभ्र रंग दिला. तिथला बायकोचा फोटो काढून बाजूच्या भिंतीवर लावला, तिला समोरचं दिसेल असा. पंखा लावला की पडदा हलायचा आणि गल्ली गचके खायची, म्हणून पंखा बंद. समोरचा न्हावी दुकानाबाहेर येऊन टॉवेल झटकायचा. शाळा सुटली की पोरं छताला लोंबकळल्यासारखी उड्या मारत जायची. एक लठ्ठ कुत्रा रोज रस्त्याच्या मधोमध झोपायचा आणि गाड्या त्याला वळसा घालायच्या. काकांना ही माणसं उलटी इतकी पाठ झाली होती की खाली समोरासमोर भेटली तर मान वाकडी केल्याशिवाय ओळख पटायची नाही. पण हे सांगायचं कोणाला? म्हातारा भिंतीकडे बघत बसतो हे एवढं ऐकलं तरी लेक त्याच दिवशी येऊन घेऊन गेली असती.

दाराखालची पट्टी बारीक होत चालली तशी काकांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. बाईंचं काही बिनसलं का? विचारायचं कसं? रीतसर तयारी करून ते एका सकाळी जिन्यात तिला गाठून म्हणाले, "बाई, गरम पाणी येतंय ना नीट?"

रफूवालीचा चेहरा पडला. "मी गारच घेते आता, काका. अंगाला चांगलं असतं."

काकांना वाटलं, गीझर बिघडला. त्यांनी नळवाल्याला बोलावलं. नळवाल्यानं गीझर उघडला, बंद केला आणि म्हणाला, "याला काय धाड भरलीय? वापरा की!" तो गेल्यावर काकांनी पुन्हा हिंमत केली.

"बाई, दिवा... दिवा लावता ना?"

"लागेल तेवढाच लावते हो काका," ती घाईघाईनं म्हणाली. "इस्त्री तर दुकानातच करते हल्ली. तुम्ही अगदी काळजी करू नका."

काका अधिकच काळजीत पडले. दिवा लावत नाही, गरम पाणी घेत नाही, गॅसवर साधा चहा टाकल्याचा वास नाही. घर पटलेलं दिसत नाही. माणसाला घर पटलं नाही की तो असाच कोपऱ्यात पाहुण्यासारखा राहतो आणि एक दिवस निघून जातो. ते दुकानात गेले आणि मागच्या स्वयंपाकघरासाठी असेल तो सगळ्यात मोठा बल्ब घेऊन आले. रफूवालीनं तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "काका, एवढा कशाला? जुना अजून छान चालतोय." नवा बल्ब खोक्यातच राहिला.

एका संध्याकाळी काका दूध आणायला निघाले तर जिन्याच्या वळणावर रफूवाली बसलेली. मांडीवर कोणाचा तरी कोट, नाकावर चष्मा, सुई दोऱ्यासकट डोक्यावरच्या बल्बकडे धरलेली. जिन्याचा तो बल्ब साऱ्या इमारतीचा होता. त्याचं बिल सगळ्यांत मिळून भरलं जायचं.

"इथे का बसलात?" काकांनी विचारलं.

"इथे वारा छान येतो."

जिन्यात वाऱ्याचं नावही नव्हतं. काका "हो, हो" म्हणाले आणि जपून तिला ओलांडून खाली गेले. दूध घ्यायचं विसरून ते तसेच परत आले.

पुढचा घाव एजंटनं घातला. रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "काका, तुमच्या बाई दुसरी खोली बघताहेत. वेगळं मीटर असलेली हवी म्हणतात."

"का पण? मी काही बोललो का?"

"छे! म्हणाल्या, काका देवमाणूस. पण मला परवडत नाही."

"परवडत नाही? भाडं वाढवलंय का मी?"

"भाडं परवडतं हो. मनाला परवडत नाही म्हणाल्या. आता याचा अर्थ तुम्हीच लावा. मी फक्त खोल्या दाखवतो."

काकांना अर्थ लागेना. आणि त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. आवाज नेहमीसारखा कडाडणारा नव्हता, मऊ होता, आणि म्हणूनच काका घाबरले.

"बाबा, मी रविवारी येतेय. समोरच्या न्हावीदादांशी बोलले मी. तुम्ही दुपारभर पडदा ओढून अंधारात बसता म्हणे. आईचा फोटो समोरून काढून बाजूला लावलात, ते मी मागच्या वेळीच पाहिलं होतं. बोलले नाही."

"अगं, ते तसं नाही."

"मग कसं आहे?"

फोनवर कसं सांगायचं, की गल्ली माझ्या भिंतीवर उलटी चालते?

"खोकी घेऊन येतेय," लेक हळूच म्हणाली. "थोडं थोडं बांधायला सुरुवात करू. आणि डोळे तपासून घ्या आधी. उजेड सहन होत नसेल तुम्हाला."

शनिवारी काका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. स्वयंपाकघरातला गळका नळ बदलायला नळवाला येणार होता, म्हणून घराची किल्ली रफूवालीकडे ठेवली. सोमवारी नवी खोली बघायला जायचं तिनं ठरवलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, दिवे मारले, अक्षरं वाचायला लावली आणि सांगितलं, "या वयाला उत्तम आहेत." काका घरी आले तेव्हा थेंबांमुळे सगळं धुरकट दिसत होतं. नळ नवा बसला होता. किल्ली देताना रफूवालीचा चेहरा काहीतरी छान करून आल्यासारखा उजळलेला होता, पण काकांना त्या दिवशी तो दिसला नाही.

रविवारी दुपारी ऊन लख्ख पडलं. लेक संध्याकाळी यायची होती. काकांनी मनाशी ठरवलं, आज शेवटचा खेळ असेल तर पुरता बघून घ्यायचा. पडदा ओढला, पंखा बंद केला, खुर्चीवर बसले.

भिंतीवर काहीच आलं नाही.

त्यांनी डोळे चोळले. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? ते थांबले. काळोख तसाच, गुळगुळीत, काळाकुट्ट. त्यांनी पडदा सरकवला. न्हावी टॉवेल झटकत होता, कुत्रा रस्त्यात झोपला होता, सगळं स्वच्छ दिसत होतं. पडदा ओढला, सगळं गुडुप. पुन्हा सरकवला, न्हावी. पुन्हा ओढला, काळोख. उजेडातले डोळे शाबूत आणि अंधारातले तेवढे गेले, असा कुठला आजार असतो? की भिंतीवर कधी काही नव्हतंच आणि लेक म्हणते तेच खरं?

मग त्यांनी खुर्चीवर चढून पडदा चाचपायला सुरुवात केली. वरून खाली, खालून वर, दोन्ही हातांनी. भोक नाही. ते तसेच उतरून मधल्या दाराशी गेले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भाडेकरूचं दार धडाधडा वाजवलं.

"बाई! अहो बाई! जरा या! मला पडद्याचं भोक सापडत नाहीये!"

पलीकडून खळखळून हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ जिन्यावरून रफूवाली धावत आली, पदराला हात पुसत, चेहरा अभिमानानं फुललेला.

"सापडणारच नाही!" ती म्हणाली. "सापडलं तर मी काम सोडून देईन. पडद्याच्या आतल्या दुमडीतलेच धागे काढले आणि एकेक करून विणले. काल तुम्ही गेलात तशी बसले ती नळवाला जाईपर्यंत मान वर केली नाही. जाताना म्हटलं, एवढं तरी काकांसाठी करून जावं."

काका मटकन खुर्चीत बसले. "रफू केलंत?"

"मग काय! इतकं चांगलं कापड, त्याला कसर खातेय. का हो? काय झालं?"

"अहो, तो माझा सिनेमा होता."

रफूवालीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. उन्हात जाऊन आलेल्या माणसाकडे बघतात तसं. "काका, पाणी देऊ का?"

आणि मग शब्द आले. इतकी वर्षं साठलेले असल्यामुळे ते नीट रांगेत आले नाहीत. ताप, सायकल, छत्रीवाली बाई, न्हावी, कुत्रा, पंख्यानं गचके खाणारी गल्ली, बाजूच्या भिंतीवरून सिनेमा बघणारी बायको, सगळं एकमेकांच्या पायात पाय घालत बाहेर पडलं. रफूवाली ऐकत ऐकत मधल्या दाराला टेकून खाली बसली.

"म्हणजे तुम्ही वीज वाचवायला अंधारात बसत नव्हता?"

"वीज? कशाला वाचवू?"

"माझा दिवा चालतो म्हणून! मला वाटलं, सगळं भाड्यात म्हणून बसलात आणि आता बिल झेपत नाही. मी पलीकडे भिंगाचा दिवा पेटवून बसलेय आणि हा म्हातारा माणूस इकडे माझ्यासाठी घामात बसलाय. गरम पाण्याचा तांब्या अंगावर घेताना मला अपराध्यासारखं व्हायचं हो! त्यात तुम्ही विचारता, पाणी गरम येतं ना? दिवा लावता ना? मी म्हटलं, हा सभ्य माणूस किती हळू टोमणे मारतोय!"

"टोमणे?" काका थक्क झाले. "मला येत नाहीत टोमणे मारता."

"ते आता कळलं."

"मला वाटलं, तुम्हाला घर पटलं नाही."

"घर न पटायला काय झालं? जिन्यात बसून माझी कंबर मोडली, काका!"

आधी रफूवाली हसली, मग काका. हसता हसता रफूवाली एकदम उठली. "भोक कुठे होतं ते सांगा."

"तुम्हाला माहीत नाही?"

"मी केलेलं रफू मलाच दिसलं तर काय कामाचं?" तिनं पडद्यावर दिवा धरला, डोळ्याला भिंग लावलं, इंच इंच बघितलं आणि हात टेकले. "फार चांगलं झालंय मेलं."

मग काका खुर्चीवर नेहमीसारखे बसले, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. "मागे उभ्या राहा. बोट पडद्यावर ठेवा. जरा वर. आणखी. डावीकडे... माझ्या डावीकडे हो. आता अगदी थोडं खाली." केबिनमध्ये असताना चित्र पडद्यावर बरोबर बसवायला ते असंच मदतनिसाला सांगायचे. रफूवालीचं बोट थांबलं. बोटाच्या टोकाला धाग्यांचा कणभर जाडपणा लागला.

"सापडलं!" ती ओरडली. मग कात्री हातात घेऊन थबकली. "काका, आजवर मी भोकं बुजवली. पाडलं एकही नाही."

"मी बघत नाही तिकडे. पाडा."

कात्रीचा कच् असा आवाज झाला. पण एवढ्यावर थांबेल तर ती रफूवाली कसली? नुसतं भोक उसवत जाणार, म्हणून तिनं काळा रेशमी दोरा घेतला आणि भोकाच्या कडेनं बारीक गोल काज घातलं, कोटाच्या गुंडीला घालतात तसं, फक्त कितीतरी लहान. शेवटची गाठ मारली, दात लावून दोरा तोडला, दार लोटलं आणि दिवा घालवला.

कसरीनं खाल्लेल्या वेड्यावाकड्या भोकातून येणारी गल्ली नेहमी जराशी पुसट असायची. गोल काजातून आलेली गल्ली धुऊन वाळत घातल्यासारखी लखलखीत होती. न्हाव्याच्या दुकानावरची लाल-पांढरी पट्टी दिसत होती. कुत्र्याचं हलणारं शेपूट दिसत होतं.

"अगं बाई!" रफूवाली जमिनीवरच बसली. "तो न्हावी! उलटा टांगलाय! आणि ते बघा, ते पोर पडतंय की काय... नाही, खाली म्हणजे वर उडी मारली त्यानं!"

"सवय होते," काका अभिमानानं म्हणाले.

एवढ्यात भिंतीच्या वरच्या कडेला एक पिवळी टॅक्सी येऊन थांबली. तिच्यातून एक बाई उतरली, डोकं खाली, पाय वर. हातात दोरीनं बांधलेली घडीची खोकी होती. झोपलेल्या कुत्र्याला वळसा न घालता तिनं सरळ त्याला दटावून उठवलं.

"ही माझी लेक," काका म्हणाले. "संध्याकाळी येणार होती." आणि मग हळू आवाजात, "खोकी घेऊन आलीय."

"कशाला खोकी?"

काकांनी तेही सांगितलं. शब्द, शेवटचा भाडेकरू, बाराव्या मजल्यावरचे ढग. रफूवालीनं ऐकलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे मी गेले असते तर तुम्हालाही जावं लागलं असतं? आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"विचारलं ना मी. गरम पाण्याचं."

दार उघडलं. "बाबा!" लेकीनं खोकी भिंतीला टेकवली आणि अंधारात डोळे ताणले. तिचा बाप आणि एक अनोळखी बाई, दोघं काळोखात बसून कोऱ्या भिंतीकडे बघत होते. "अहो, हे काय चाललंय? तुम्हीसुद्धा?" हे शेवटचं रफूवालीला.

"दार लाव आधी," काका म्हणाले. "गल्ली जातेय."

"काय जातेय?"

"तुम्ही बसा ताई, त्यांच्याशेजारी," रफूवाली उठली. "काका सांगतील त्यापेक्षा दाखवलेलं बरं. मी खाली जाते."

ती गेली. लेक नाइलाजानं बापाशेजारी टेकली. दार लागलं, अंधार झाला आणि भिंतीवर हळूहळू गल्ली उमटली. लेकीनं काकांचा हात घट्ट धरला. जरा वेळानं छताच्या कडेनं रफूवाली आली. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात हलवले, न्हाव्याचा टॉवेल हिसकावून घेऊन झेंड्यासारखा फडकवला. न्हावी तिच्यामागे धावला. कुत्रा दोघांवर भुंकायला लागला. आवाज खिडकीतून सरळ येत होता आणि माणसं उलटी होती.

लेकीच्या खांद्यांना गचके बसायला लागले. काकांना वाटलं रडतेय. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"रोज फोनवर विचारते मी, बाबा, काय करताय. तुम्ही म्हणता, बसलोय."

"बसलेलाच असतो."

"आणि आईचा फोटो?"

काकांनी बाजूच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीवरच्या गल्लीचा थोडा उजेड फोटोच्या काचेवर पडला होता. तिथे आणखी एक गल्ली होती, टीचभर. लेक उठून फोटोजवळ गेली. मग नाक पुसून म्हणाली, "तिला आवडलं असतं. कोपरा सोडून काही बघितलंत एकदाचं."

रफूवाली धापा टाकत वर आली तेव्हा खोकी तशीच बांधलेली होती. लेकीनं तिला विचारलं, "तुम्ही राहणार ना इथे?"

"राहायचं म्हणजे," रफूवाली कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सगळं भाड्यात म्हणाले होते. त्यात हा सिनेमा धरलाय की नाही, ते आधी कळू दे."

"धरलाय," काका म्हणाले.

"मग मी त्या एजंटला उद्या कळवते, दुसरी खोली नको म्हणून."

लेक दोन दिवस राहिली आणि दोन्ही दुपारी खेळाला हजर होती. जाताना खोकी रफूवालीला देऊन गेली, तयार कोट ठेवायला. त्यातल्या दुसऱ्या दिवशी रफूवालीनं पडदा उतरवून त्याच्या खालच्या काठात शिशाच्या गोळ्या शिवल्या, मासेमारीच्या जाळ्याला असतात तसल्या. आता वरचा पंखा कितीही जोरात फिरला तरी पडदा जागचा हलत नाही आणि काका गार वाऱ्यात बसून उलटी गल्ली बघतात. संध्याकाळी पडदा सरकवला की मधल्या दाराखालून पिवळी पट्टी आत येते, पहिल्यापेक्षा जाड. स्वयंपाकघरातला तो मोठा बल्बही खोक्यातून बाहेर आलाय. सकाळी भिंतीपलीकडे गरम पाण्याचा नळ भरभरून वाहतो.

पुढचं विजेचं बिल चांगलंच फुगून आलं. काका ते घेऊन एजंटकडे गेले आणि त्याच्यासमोर धरून म्हणाले, "बघा."

एजंट हळहळला. "सांगितलं होतं ना काका, लुटतील."

"हो ना," काका म्हणाले आणि बिलाची नीट घडी घालून खिशात ठेवत घाईघाईनं निघाले. ऊन चढलं होतं, आणि खेळ सुरू व्हायच्या आत घरी पोचायचं होतं.